गाळणी, ओझोन आणि आपला हंडा

सुरगाण्याच्या एस.टी. स्टँडवर किंवा आठवड्याच्या बाजारात हल्ली पाण्याची बंद बाटली सहज मिळते. तिच्यावरचा कागद नीट वाचला, तर त्यावर बारीक अक्षरांत आर.ओ., यू.व्ही. आणि ओझोन असे शब्द छापलेले आढळतात. लग्नकार्यात पाण्याचे जार घेऊन जी गाडी येते, तिच्यावरही हेच शब्द रंगवलेले असतात. शाळा-कॉलेजातली मुले विचारतात, "सर, ओझोन तर उंच आकाशात असतो. तो बाटलीत कसा आला?" आणि वडीलधारी मंडळी विचारतात, "असलंच एखादं यंत्र आपल्या गावच्या टाकीला बसवलं तर पोरांचं दुखणं थांबेल का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्या प्रश्नात शास्त्र आहे आणि दुसऱ्यात गावाचा पैसा व मुलांचा जीव आहे. या दोन्ही प्रश्नांचा आज आपण जरा निवांतपणे विचार करू.

प्रथम आपल्या पाण्याकडे पाहू. आपला तालुका सह्याद्रीच्या उतारावर वसलेला. नार आणि पार या नद्या आपल्या डोंगरांतले पाणी घेऊन पश्चिमेकडे गुजरातेत उतरतात आणि अरबी समुद्राला मिळतात. याच नाशिक जिल्ह्यात सिन्नर-येवल्याकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर शेतकरी दिवस काढतो. आपल्याकडे तोच पाऊस दीड-दोन हजार मिलिमीटरपर्यंत जातो. पण खाली काळा कातळ आणि जमिनीला उतार. पाणी मुरायला सवड मिळत नाही, ते धावत सुटते. म्हणून भाद्रपदात जिथे ओढा ओलांडता येत नाही, तिथेच चैत्र-वैशाखात आयाबाया वाळूतला झिरा उकरून वाटीवाटीने हंडा भरतात.

म्हणजे आपल्या पाण्याची दुखणी दोन. उन्हाळ्यात ते पुरत नाही आणि पावसाळ्यात ते गढूळ होते. पहिल्या पावसाबरोबर डोंगरावरची माती, पालापाचोळा, गुरांचे शेण आणि उघड्यावरची घाण वाहून विहिरीत येते. मग हगवण, कावीळ, विषमज्वर, आणि क्वचित पटकी, म्हणजे कॉलरा, यांचे दिवस सुरू होतात. नागली-भाताची लावणी ऐन भरात आणि घरात माणूस आजारी! हे ज्याच्या घरात घडले आहे, त्याला मी वेगळे काय सांगणार?

आता असे पाहा, की गढूळ पाण्यात तीन प्रकारचा मळ असतो. एक डोळ्यांना दिसणारा: माती, गाळ, कचरा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा पण जिवंत: जंतू आणि विषाणू. तिसरा विरघळलेला: पालापाचोळ्याचा अर्क, रंग, वास आणि क्षार. या तिन्ही मळांना एकच औषध लागू पडत नाही. पाणी शुद्ध करण्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

दिसणाऱ्या मळावरचा तोडगा आपल्या आजीला ठाऊक होता. हंड्याच्या तोंडाला फडके बांधायचे आणि पाणी गाळायचे. त्याच्याही आधी निवळीचे बी उगाळून पाण्यात फिरवायचे. आपला 'निवळणे' हा शब्द त्या बियेची आठवण करून देतो. पुढे निवळीच्या जागी तुरटी आली. या जुन्या चालीला कोणी हसू नये. बांगलादेशात रीटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्ट खेड्यांत एक प्रयोग केला. जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या घालून तिच्यातून पाणी गाळायला बायकांना शिकवले. त्याचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला: कॉलऱ्याचे रोगी सुमारे निम्म्याने कमी झाले. याचे कारण असे, की कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात. ते जीव चार घड्यांत अडकले, की त्यांच्यासोबत जंतूही अडकतात.

पण 'निम्म्याने' हा शब्द लक्षात ठेवा. उरलेले निम्मे आजारी पडलेच. मोकळा सुटा जंतू साडीच्या वीणेतून बिनधास्त निघून जातो. तो केवढा असतो? मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. जंतू एका-दोन मायक्रॉनांचा. काविळीचा विषाणू तर एका मायक्रॉनच्या तीसाव्या-चाळीसाव्या हिश्श्याएवढा. त्याला अडवायचे तर कापड उपयोगाचे नाही. त्यासाठी तितक्याच बारीक छिद्रांची गाळणी हवी.

अशी गाळणी विसाव्या शतकात तयार झाली. तिला मेम्ब्रेन म्हणतात. मेम्ब्रेन म्हणजे पापुद्रा. कांद्याच्या पातीसारख्या पोकळ, पण दोऱ्याइतक्या बारीक नळ्या करतात आणि त्यांच्या भिंतींना असंख्य सूक्ष्म छिद्रे ठेवतात. अशा शेकडो नळ्यांची जुडी एका डब्यात बसवली, की झाली गाळणी. छिद्रे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढी असली, तर त्या प्रकाराला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. तिच्यातून पाणी जाते, जंतू जात नाहीत आणि बहुतेक विषाणूही जात नाहीत. याहून घट्ट पापुद्रा म्हणजे आर.ओ.चा. तो विरघळलेले क्षारसुद्धा अडवतो. लोएब आणि सौरिराजन या दोघांनी अमेरिकेत १९६० च्या सुमारास हा उपयोगी पडेल असा पापुद्रा पहिल्यांदा तयार केला. यांतले सौरिराजन हे आपल्या भारतातले.

आपल्या महाराष्ट्रातही या कामाला चांगली परंपरा आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिण्याच्या पाण्यातले जंतू-विषाणू अडवणारा अल्ट्राफिल्ट्रेशनचा पापुद्रा तयार केला. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घरगुती वापराची अशीच गाळणी बनवली आणि तिचे तंत्र अनेक कारखान्यांना दिले. तिचा मोठा गुण असा, की तिला वीज लागत नाही. उंचावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब तिला पुरतो. हा गुण तुम्ही मनात टिपून ठेवा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

मेम्ब्रेनचे दोष कोणते? पहिला दोष, ती तुंबते. पावसाळ्याचे लाल पाणी सरळ तिच्यात सोडले, तर काही तासांत छिद्रे बुजतात. त्यातही माती एक वेळ उलट्या धारेने धुऊन निघते, पण पालापाचोळ्याचा चिकट अर्क आणि शेवाळ पापुद्र्याला धरून बसतात. दुसरा दोष, एखादी नळी फाटली तर बाहेरून कळत नाही. पाणी स्वच्छ दिसत राहते आणि जंतू मात्र आत-बाहेर करतात. तिसरा दोष, विरघळलेला वास, रंग किंवा शेतातल्या औषधाचा अंश अल्ट्राफिल्ट्रेशनला अडवता येत नाही.

आता ओझोनकडे वळू. मोठी वीज कडाडून गेल्यावर हवेला कधी कधी एक तिखट, वेगळा वास येतो. झेरॉक्सच्या दुकानातही तसाच वास कधी येतो. तो वास ओझोनचा. १८४० साली शोनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाने तो ओळखला आणि 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूत दोन अणू जोडीने असतात, जुवाला बैलांची जोडी असावी तसे. विजेचा झटका बसला, की काही ठिकाणी त्या जोडीत तिसरा अणू येऊन अडकतो. एका जुवाला तीन बैल जुंपले तर काय होईल? तिसरा धडपडून बाहेर पडेल आणि समोर येईल त्याला शिंग मारील. ओझोनचे नेमके असेच आहे. त्याचा तिसरा अणू निसटतो आणि जंतूच्या अंगावर, रंगावर, वासावर तुटून पडतो. काम झाले, की मागे उरतो तो साधा प्राणवायू.

वर आकाशात पंधरा-वीस मैलांवर ओझोनचा जो थर आहे, तो सूर्याचे प्रखर किरण अडवतो. यंत्रातला ओझोन तोच, फक्त जागेवर तयार केलेला. १८५७ साली जर्मनीत सीमेन्स यांनी विजेच्या झटक्याने ओझोन करण्याचे यंत्र बनवले. १८९३ साली हॉलंडमधल्या आउड्सहोर्न या गावी पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरला आणि १९०६ साली फ्रान्समधल्या नीस शहराने कायमचे केंद्र उभारले. तेव्हा बाटलीवरचा हा शब्द नवा वाटला, तरी विद्या सव्वाशे वर्षांची आहे.

ओझोनचे बळ मोठे. क्लोरिनला जे मरत नाहीत असेही काही जीव आहेत. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म जीव घरोघर गेला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरिन होता, पण या जीवाचे कवच त्याला भीक घालत नाही. त्यानंतर त्या शहराने ओझोनची व्यवस्था केली. ओझोन हे कवच फोडतो. शिवाय पाण्याचा पिवळसर रंग आणि कुबट वासही तो घालवतो.

पण त्याचेही दोष आहेत. तो साठवून ठेवता येत नाही. जिथे लागतो तिथेच आणि लागेल तेव्हाच तयार करावा लागतो. तो पाण्यात टिकत नाही. साध्या पाण्यात अर्धा ओझोन वीसेक मिनिटांत विरून जातो. गढूळ पाण्यात तो मातीशी आणि पाल्याच्या अर्काशीच झुंजण्यात खर्ची पडतो आणि जंतूपर्यंत पोहोचतच नाही. पाण्यात ब्रोमाइड नावाचा क्षार असेल, तर त्यापासून ब्रोमेट हा अपायकारक पदार्थ होतो. एका लिटरात मिलिग्रॅमचा शंभरावा भाग ही त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिली आहे. आणि हा वायू कोंडलेल्या खोलीत छातीत गेला तर खोकला आणि जळजळ होते. म्हणून ओझोनचे यंत्र हे मुलांच्या हाताशी ठेवण्याचे खेळणे नव्हे.

आता दोघांना शेजारी उभे करून पाहा. मेम्ब्रेनला जे जमत नाही ते ओझोनला जमते आणि ओझोनला जे जमत नाही ते मेम्ब्रेनला. गाळणी माती आणि जंतू अडवते, पण चिकट अर्काने तुंबते. ओझोन तो अर्क तोडून मोकळा करतो. ओझोन गढूळ पाण्यात वाया जातो. गाळणी पाणी आधी स्वच्छ करून देते. गाळणीची एखादी नळी फाटली, तर सुटलेल्या जंतूला ओझोन गाठतो. म्हणून जगात ठिकठिकाणी या दोघांची जोडी जमवली गेली.

या जोडीत क्रम फार महत्त्वाचा. आर.ओ.चा पापुद्रा ज्या पदार्थाचा करतात, तो ओझोन लागला तर कुजतो. म्हणून बाटलीच्या कारखान्यात पाणी आधी पापुद्र्यातून जाते आणि ओझोन शेवटी, बाटली भरण्याच्या आधी सोडतात. त्याने पाण्याबरोबर बाटली आणि बूचही निर्जंतुक होते, आणि पुढे बंद बाटलीत ओझोनचा प्राणवायू होऊन जातो. पाणी बाटलीत भरून विकायचा हा धंदा आपल्याकडे १९६५ च्या सुमारास ठाण्यात बिसलेरीच्या कारखान्याने सुरू झाला. चिनी मातीच्या जातीच्या भाजक्या मेम्ब्रेन निघाल्या, तेव्हा ओझोन आधी सोडण्याचीही सोय झाली, कारण भाजक्या पापुद्र्याला ओझोन बाधत नाही. सिंगापूरच्या एका मोठ्या जलकेंद्रात अशी रचना आहे.

आणि आफ्रिकेतल्या नामिबिया देशाची राजधानी विंडहूक हिचे उदाहरण तर ऐकण्यासारखे आहे. तो मुलुख कोरडा, नदी बारमाही नाही. त्या शहराने १९६८ पासून गावचे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरायला सुरुवात केली. २००२ साली त्यांनी नवे केंद्र बांधले. तिथे पाणी निवळवतात, वाळूतून गाळतात, मग ओझोन देतात, मग कोळशाच्या थरांतून नेतात, कारण ओझोनने अर्काचे जे तुकडे केले ते जंतूंचे खाद्य होऊ नये. त्यानंतर अल्ट्राफिल्ट्रेशनची गाळणी येते. आणि श्रोते हो, इतके सगळे झाल्यावर अगदी शेवटी ते लोक पाण्यात काय घालतात? क्लोरिन. आपला टी.सी.एल. पावडरीतला क्लोरिनच.

असे का? इतके भारी यंत्र असताना शेवटी तो क्लोरिन कशाला? कारण केंद्रातून निघालेले पाणी लगेच तोंडात पडत नाही. ते नळातून मैलोन्‌मैल जाते, टाकीत थांबते, घरी साठवले जाते. वाटेत नळ फुटलेला असतो, टाकीचे झाकण उघडे असते, कोणी हात बुडवतो. ओझोन तर विरून गेला. मेम्ब्रेन मागेच राहिली. पुढच्या वाटेवर पाण्याबरोबर राखणदार म्हणून चालत जाणारा एकच, तो म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरिन. एका लिटरात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा, असे आपले भारतीय मानक सांगते.

आपल्या घरची गोष्ट तर शहराच्या नळाहून लांबची. पाणी विहिरीवरून हंड्यात, हंड्यातून माठात, माठातून तांब्यात. दिवसभर ते घरात राहते. यांतल्या प्रत्येक पायरीवर ते पुन्हा बिघडू शकते. म्हणून मला जे मुख्य सांगायचे आहे ते हे: गाळणी आणि ओझोन पाणी शुद्ध करतात, पण शुद्ध ठेवत नाहीत. आपल्यासारख्या, पाणी वाहून आणून साठवणाऱ्या माणसांना ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच जीवनमरणाची आहे.

याची दोन उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच घडली. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जी.बी.एस. या मज्जातंतूंच्या आजाराचे अनेक रोगी एकदम निघाले. दूषित पाण्यातल्या जंतूशी त्याचा संबंध जोडला गेला. तपासणी सुरू झाली, तेव्हा त्या भागातल्या काही खाजगी आर.ओ. केंद्रांच्या पाण्यातही दूषितपणा आढळला आणि महापालिकेने ती केंद्रे बंद केली. पाटीवर आर.ओ. लिहिलेले होते, लोक विश्वासाने जार भरून नेत होते. पण यंत्राची निगा नाही, पाण्यात क्लोरिनची राखण नाही, तर पाटी काय कामाची?

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच डोंगराळ मुलुखातले. २०२२ च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे पाणी पिऊन पटकीची साथ उठली आणि माणसे दगावली. नळयोजनेची वीज थकबाकीमुळे तोडलेली असल्याने लोक त्या विहिरीकडे वळले होते, असे तेव्हा वृत्तपत्रांतून आले. यंत्र विजेवर आणि वीज बिलावर! बिल थांबले की पाणी थांबते. आणि तहान काही थांबत नाही.

तेव्हा, "आपल्या टाकीला ओझोनचं यंत्र बसवू का?" या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देऊ. समजा, गाव हजार वस्तीचे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे गावाला रोज ५५,००० लिटर. लिटरला दोन मिलिग्रॅम ओझोन धरला, तर दिवसाला ११० ग्रॅम ओझोन लागेल. एक किलो ओझोन करायला साधारण दहा ते वीस युनिट वीज जाते. म्हणजे ११० ग्रॅमला एक ते दोन युनिट. ऐकायला हे फारच स्वस्त वाटते, नाही का?

पण मेख पुढे आहे. ओझोनच्या यंत्राला कोरडी हवा लागते. हवा दमट असली, की ओझोन कमी होतो आणि नायट्रिक आम्ल तयार होऊन यंत्र आतून खाल्ले जाते. आषाढात आपल्या घाटातली हवा कशी असते हे तुम्हाला ठाऊक आहे. वाळत घातलेले धोतर चार दिवस वाळत नाही. म्हणजे जेव्हा यंत्राची गरज सर्वांत मोठी, तेव्हाच त्याचे हाल सर्वांत जास्त. हवा कोरडी करायला दुसरे यंत्र हवे, त्याला पुन्हा वीज हवी. वाऱ्यापावसात तारा तुटल्या, की दोन-दोन दिवस वीज नसते. बिघाड झाला तर कारागीर नाशिकहून येणार. शहरात हे जमते, कारण तिथे चोवीस तास माणूस आणि सुटे भाग हाताशी असतात.

आणि आर.ओ.? हे यंत्र मुख्यतः खारट, मचूळ पाण्यासाठी आहे. आपल्या डोंगरात पावसाचे ताजे पाणी. त्यात क्षार साधारणपणे कमीच असतात. तपासणी करून खात्री जरूर करावी. पण क्षार कमी असतील तर आर.ओ. घेऊन काय साधणार? घरगुती आर.ओ. एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकून देते. वैशाखात जी बाई दोन मैल चालून डोक्यावर हंडा आणते, तिच्या हंड्यातले अर्ध्याहून अधिक पाणी मोरीत सोडणारे यंत्र आपल्याला परवडेल का? हा प्रश्न यंत्र विकणारा विचारणार नाही. तो आपणच विचारायचा आहे.

मग या सगळ्या शास्त्रातून आपण घ्यावे काय? त्यातला क्रम घ्यावा. विंडहूकपासून बाटलीपर्यंत सर्वत्र क्रम एकच आहे: आधी निवळा, मग गाळा, मग जंतू मारा आणि शेवटी राखण ठेवा. हा क्रम आपल्या साधनांनीही पाळता येतो. पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवून ते स्थिर राहू द्यावे. वरचे निवळ पाणी स्वच्छ सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळावे आणि कापड धुऊन उन्हात वाळवावे. मग क्लोरिनचे थेंब, म्हणजे ज्याला आपण मेडिक्लोर म्हणतो ते, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर पाणी खळखळ उकळून गार करावे. माठाला झाकण आणि पाणी घ्यायला लांब दांड्याचे ओगराळे. हाताचा स्पर्श पाण्याला नको.

शाळेसाठी, आश्रमशाळेसाठी काही घ्यायचेच असेल, तर विजेशिवाय उंच टाकीच्या दाबावर चालणारी अल्ट्राफिल्ट्रेशनची गाळणी हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. मात्र तिच्या आधी वाळूची गाळणी आणि तिच्यानंतर क्लोरिन हवाच.

गावच्या टाकीसाठी टी.सी.एल. पावडर आहेच. हजार लिटरला पाच ग्रॅम या मापाने आपल्या ५५,००० लिटरांना रोज पावशेराहून थोडी जास्त पावडर लागते. पण ती ताजी हवी. पोते दमट खोलीत उघडे पडले, तर क्लोरिन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. गावात पुष्कळदा कुरकूर ऐकू येते, "पावडरीचं पाणी वास मारतं, त्यापेक्षा झिऱ्याचं गोड लागतं." ही कुरकूर खोटी नाही. गढूळ पाण्यात पावडर टाकली, की पाल्याच्या अर्काशी मिळून वास वाढतो. आणि माप चुकले तर तो असह्य होतो. पण म्हणून झिऱ्याकडे वळू नका. पाणी आधी निवळलेले असेल, पावडर मापाने पडत असेल, तर वास पुष्कळ कमी होतो. हे जलसुरक्षकाला सांगा. तो आपलाच माणूस आहे. त्याला वेळेवर मानधन आणि ताजी पावडर मिळते का, हे पाहणे आपले काम.

आता दोन शब्द गुरुजनांसाठी. हा सगळा विषय वर्गात एका तासात दाखवता येतो. ओढ्याचे गढूळ पाणी तीन काचेच्या बाटल्यांत घ्या. एक तशीच ठेवा. दुसरीत तुरटी फिरवा. तिसरीत तुरटी फिरवून, निवळल्यावर ते पाणी चार घड्यांतून गाळा. मग प्रत्येक बाटलीच्या मागे छापील पुस्तकाचे पान धरा आणि कोणत्या पाण्यातून अक्षरे वाचता येतात ते मुलांनाच ठरवू द्या. पुढची पायरी अशी: गाळलेले, स्वच्छ दिसणारे पाणी जंतू तपासायच्या छोट्या बाटलीत भरा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. तुमच्या गावातल्या अशा बाईंना वर्गात बोलवा. एक-दोन दिवसांत ते पाणी काळे पडले, तर 'स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही' हे वाक्य फळ्यावर लिहायची गरज उरणार नाही. शेवटी नळाच्या पाण्यात क्लोरिन तपासायचे ओ.टी.चे थेंब टाका. पिवळा रंग आला तर राखणदार जागा आहे. तपासलेले हे पाणी मात्र कोणी पिऊ नये. मुले ही गोष्ट घरी जाऊन सांगतील आणि मुलांचे घरात ऐकतात.

आणि कोणी विक्रेता गावात येऊन चकचकीत यंत्र दाखवू लागला, तर त्याला हाकलून देऊ नका. पण ग्रामसभेत त्याला पाच प्रश्न विचारा. आमच्या पाण्याची तपासणी करून मग हे यंत्र सुचवले आहे का? वीज गेली तर काय होईल? गाळणी कोण, किती दिवसांनी धुणार आणि बदलायला काय पडेल? शंभर लिटरातले किती लिटर फुकट जाणार? आणि यंत्रातून निघालेले पाणी घरी पोहोचेपर्यंत त्याची राखण कशाने होणार? या पाचांची सरळ उत्तरे मिळाली, तर यंत्राचा अवश्य विचार करावा. शास्त्र आपल्यासाठीच आहे, त्याला भिण्याचे कारण नाही.

पुढचा पाऊस यायच्या आत एवढे तरी करू. विहिरीचा कठडा बांधून घेऊ, भोवतीचा चिखल आणि गुरांची पाणपोई दूर हलवू, टाकी धुऊन झाकण बसवू आणि पावडरीचे पोते कोरड्या जागी ठेवू. ही कामे गावातल्या गावात होतात, त्यांना नाशिकचा कारागीर लागत नाही. आपल्या गावच्या टाकीत आज क्लोरिन आहे की नाही, हे उद्या सकाळी जलसुरक्षकाला विचारण्यापासून सुरुवात करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.